मिनेउरा मारूवरची गर्दी

ताकाओ बंदरात त्या दिवशी असं ऊन होतं की लोखंडाच्या कठड्याला हात लावला तर चटका बसावा. नेझू तेइकिची केळ्यांचा एक फणा काखेत मारून, साबणाची वडी खिशात टाकून धक्क्यावरून चालला होता. काम अगदी घरगुती. बायकोचा धाकटा भाऊ साकुजी पलटणीबरोबर मनिलाकडे निघाला होता, त्याला जाण्याआधी भेटायचं. बायकोनं पत्रातून तीनतीनदा बजावलं होतं, भेटल्याशिवाय सोडू नका म्हणून.

नेझू स्वतः ‘मिनेउरा मारू’वर होता. ही बोट मुळात देवमाशांच्या शिकारीची. लढाई सुरू झाल्यावर नौदलानं ती ताब्यात घेतली. नाकावरची भाला फेकायची तोफ काढून तिथे साधी तोफ बसवली, शेपटाकडे पाण्याखाली फुटणाऱ्या दारूची पिंपं रचली, सगळीकडून राखाडी रंग फासला आणि म्हणाले, आता ही लढाऊ बोट. मालवाहू जहाजांचा तांडा निघाला की त्याच्या कडेकडेनं धावायचं आणि पाणबुड्यांपासून त्याची राखण करायची, हे तिचं काम. पण रंग कितीही चढवला तरी लाकडात मुरलेला देवमाशाच्या चरबीचा वास काही गेला नव्हता. ऊन तापलं की तो भिंतींतून पाझरायचा. नेझूला त्याचं काही वाटत नसे. ओशिकाच्या किनाऱ्यावर, त्याच वासात तो जन्मला होता.

साकुजीचं जहाज ‘तेनकाई मारू’. म्हातारं, गंजलेलं. शिडी उतरून नेझू त्याच्या पोटात गेला आणि दाराशीच थबकला. कोळसा भरायच्या जागेत फळ्यांचे मजले ठोकले होते आणि प्रत्येक मजल्यावर माणसं कोंबली होती. वर पाहिलं की पाय लोंबताना दिसत, खाली पाहिलं की डोकी. घाम, ओकारी, भिजलेले पट्टे आणि वरच्या अंगाला टांगलेल्या लाकडी संडासांतून वाऱ्याबरोबर येणारी घाण, असा सगळा मिळून एक जाड वास होता. तो नाकात शिरत नव्हता, अंगाला चिकटत होता.

“दाजी! ओ दाजी! इकडे!”

दुसऱ्या मजल्यावरून साकुजी ओणवा होऊन हात हलवत होता. लहानपणी देवमासा ओढायच्या दोरात सापडून त्याचा डावा कान निम्मा गेला होता. त्यामुळे हजारांत तो ओळखू यायचा.

“डोकं सांभाळा. वरचे लोक आंबट चेहऱ्याचे आहेत, कधी ओकतील नेम नाही.”

“काय रे ही दशा?” नेझू म्हणाला.

“दशा कसली? थाट आहे. एका चटईवर चौघं. एकानं कूस बदलली की सगळ्या रांगेनं बदलायची, हुकूम द्यावा लागत नाही. आणि मला तर सवलत. अर्धाच कान, शेजाऱ्याचं घोरणं निम्मंच ऐकू येतं.” केळी बघून तो खुलला. सालासकट चावतो की काय असं वाटलं. “ताई काय म्हणते?”

“लोणच्याला मीठ मिळत नाही म्हणून रडते.”

“रडली की त्याच अश्रूंत घालायचं म्हणावं.” तो हसला, मग जरा थांबून म्हणाला, “दाजी, तुमची बोट कुठली?”

नेझूनं हवेसाठी उघडलेल्या झडपेतून बोट दाखवली.

“तो डबा? तो आमची राखण करणार?”

“डबा म्हण नाहीतर काही म्हण. उद्यापासून तुझ्या डाव्या अंगाला दिसत राहील.”

“मग काय! पाण्यात पडलोच तर तुम्ही उचलालच.”

“गप बस. वाईट बोलू नकोस.”

“नाही, पण उचलाल ना?”

“उचलीन रे,” नेझू म्हणाला, आणि वास सहन होईना म्हणून लवकर निघाला. पुढे त्याला या लवकर निघण्याची आठवण आली की जेवण घशाखाली उतरत नसे.

तांडा बाशीच्या सामुद्रधुनीत शिरला तेव्हा आभाळ पांढरं होतं. ऊन नाही, पाऊस नाही, भांड्यावर झाकण ठेवावं तशी कोंदट हवा. दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. जेवण म्हणजे तेच, महिनोन्‌महिने चाललेलं, वाळवलेल्या मुळ्याचं चामडं आणि किडे निवडलेला भात.

नेझूची जागा पुलाच्या, म्हणजे कप्तान उभा राहतो त्या उंच माचीच्या खाली, कपाटाएवढ्या खोलीत. बोटीच्या तळाला बसवलेल्या यंत्रातून पाण्यातला आवाज वर यायचा आणि कानाला टोप्या लावून तो ऐकायचा. बोट मंद केली की पाणबुडीचा पंखा ऐकू येतो, यायला हवा. त्या दुपारी पंखा ऐकू आला नाही. एक धप्प असा आवाज आला, ओल्या गादीवर कोणी काठी मारावी तसा. मग लगेच दुसरा.

तो धावत वर आला. तेनकाई मारू मधोमध मोडलं होतं. एवढं मोठं जहाज, पण हातातली काडी मोडावी तसं मोडलं आणि भराभर खाली गेलं. पोटातल्या मजल्यांवरच्या माणसांना शिडीपर्यंत यायला वेळ मिळालाच नसेल. तरी शेकडो पाण्यात होते. काळं तेल पसरत होतं आणि त्या तेलात डोकी, डोकी, डोकी. सगळी काळी, सगळी सारखी. अर्धा कान शोधायचा तरी कुठे?

“नेझू! खाली!” पुलावरून कप्तान हिरोबे ओरडले. “यंत्रावर बसा!”

तो खाली गेला. टोप्या लावल्या. बोट मंद झाली. आणि त्याच्या कानात एक आवाज भरला तो त्यानं पूर्वी कधी ऐकला नव्हता. घरी रेशमाचे किडे पाळायचे तेव्हा तुतीची पानं घातली की टोपलीतून एक बारीक, दाट सळसळ यायची, हजारो तोंडं एकदम चरताहेत अशी. तसाच होता तो.

नळीतून कप्तानाचा आवाज आला. “काय ऐकू येतंय?”

“साहेब… पाय.”

“काय?”

“माणसांचे पाय. पाण्यात मारताहेत. खूप आहेत.”

“त्याच्याखाली? पंखा आहे का?”

नेझूनं डोळे मिटून ऐकलं. “सांगता येत नाही साहेब. असेल तरी या आवाजात…”

“पंखा नाहीच, असं खात्रीनं सांगता येतं का?”

“…नाही.”

“म्हणजे असू शकते,” हिरोबे शांतपणे म्हणाले. ते पूर्वी प्रवासी जहाजावर होते. बोलणं नेहमी मऊ, कोणाला अरेतुरे नाही. “पाणबुडी लपायला याहून चांगली जागा शोधणार नाही. उर्यू, पिंपं तयार ठेवा.” हे पिंपं सोडणाऱ्या खलाशाला होतं.

नेझू नळीत ओरडला, “साहेब, वर आपली माणसं आहेत!” बोटीनं वेग घेतला. कानात सळसळ जवळ आली, आणखी जवळ आली, आता अगदी तळाशी आली. तेव्हा त्यानं टोप्या काढून फेकल्या आणि दोन्ही तळवे कानांवर दाबले. पहिला स्फोट त्याला कानांनी नाही, दातांनी ऐकू आला.

तो वर आला तेव्हा समुद्र फेसाळून पांढरा झाला होता आणि हळूहळू परत काळा होत होता. मघाशी हाका होत्या, आता एकही नव्हती. माणसं होती तिथेच होती. अंगात सावरीच्या कापसाची, तरंगवणारी जाकिटं, त्यामुळे कोणी बुडालं नव्हतं. सगळी उभीच्या उभी तरंगत होती, तोंडं उघडी, आणि तोंडांतून, नाकांतून जे बाहेर आलं होतं ते त्यांच्याच हनुवटीखाली लाटेबरोबर खालीवर होत होतं. लाट आली की सगळी एकदम मान डोलवायची. नेझू कठड्यावर वाकून अर्धा कान शोधू लागला.

“मासे!” कोणीतरी ओरडलं.

खरंच मासे होते. स्फोटानं मेलेले, पोटं वर करून, चांदीसारखे. बांगडे, कुपे, हातभर लांब सुरमई. माणसांच्या मधल्या मोकळ्या पाण्यात ते पसरले होते. बोटीचा आचारी ओकुनुकी जाळं घेऊन धावला. गुबगुबीत, सतत काहीतरी थट्टा करणारा माणूस. या क्षणी त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती, लाळ होती. खलाशी पुढे झाले. जाळं टाकलं, ओढलं. एकदा जाळ्यात सैनिकाचा बूट आला. बूट जड होता. ओकुनुकीनं त्यात बघितलं नाही. दोन बोटांनी धरून पाण्यात टाकला आणि हात पाटलोणीला पुसला.

“साहेब,” नेझू पुलाखाली उभा राहून म्हणाला, “जाळ्यासाठी बोट थांबलीच आहे. एखादा जिवंत असेल. दोर तरी…”

“तुम्हाला कोणी जिवंत दिसतंय का?” हिरोबेंनी विचारलं.

एक हात हलला. नेझूनं बोट दाखवलं. पण मग लाट खाली गेली आणि शेजारचे सगळे हात तसेच हलले.

“मासे फुकट जाऊ देऊ नका,” कप्तान म्हणाले. “लोकांना महिनाभर धड खायला मिळालेलं नाही.”

त्या संध्याकाळी ऊन पिवळं पडलं होतं आणि सगळ्या बोटीवर आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोचा आणि आल्याचा वास सुटला होता. माणसं डेकवर मांडी घालून बसली होती, वाडग्यात तोंड घालून. नुसता भुरकण्याचा, काटे चोखून थुंकण्याचा आवाज. ओकुनुकीनं नेझूसमोर वाडगा धरला.

“घे रे. तू उपाशी राहिल्यानं कोणी परत येणार नाही.”

नेझूनं वाडग्यात पाहिलं. रश्श्यावर चरबीची वर्तुळं होती. त्यांच्या कडा काळ्या होत्या, आणि त्यांतून रंग चमकत होते, जांभळा, हिरवा. “हे तेल आहे,” तो म्हणाला. “जहाजाचं.”

“माशाचं आहे.”

“ओकुनुकी, यानं काय खाल्लं असेल या माशानं…”

“खायला वेळ कुठे मिळाला त्याला?” ओकुनुकी म्हणाला आणि स्वतःच चमकला. वाडगा तिथेच ठेवून तो निघून गेला.

पिंपं सोडणारा उर्यू शेजारीच बसला होता. नेझूचा जुना सोबती, एकाच वस्तीतला. त्याचा हा तिसरा वाडगा होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो खातच होता.

“माझ्याकडे असं बघू नको,” उर्यू म्हणाला. “त्यांनी सांगितलं, मी सोडली. मला भूक लागलीय, बस्स. तुझा तो नको असेल तर दे इकडे.”

नेझूनं वाडगा समुद्रात फेकला. कप्तानाच्या खोलीत तेवढ्यात सगळ्यात मोठी सुरमई जात होती, ताटलीत, मुंडक्यासकट.

सकाळी पाळी संपवून नेझू झोपायच्या जागेत उतरला. बाहेर चांगलं उजाडलं होतं, झडपेतून उन्हाचा पट्टा आत पडला होता. बाकांवर माणसं झोपलेली. नेझू दारातच थांबला. सगळ्यांचे पाय हलत होते. पांघरुणाखाली गुडघा वर, खाली, वर, खाली. पाण्यात तरंगत राहायला माणूस मारतो तसे. शांत, दमलेले, न थांबणारे. आणि एकाच तालात. डोळे मिटलेले, श्वास चालू, तोंडं थोडी उघडी.

त्यानं उर्यूला हलवलं. उर्यू उठला, पाय थांबले.

“काय रे?”

“स्वप्न पडत होतं का?”

“नाही. का?” उर्यूनं तोंड पुसलं. हाताच्या पाठीवर काळा ओघळ आला. त्यानं थुंकून पाहिलं. थुंकीही काळी. “रात्रभर घशाशी येतंय. ओकुनुकीनं कसला मसाला घातला देव जाणे.” आणि मग तो आपल्या तळहाताकडे बघत राहिला. तळवे पांढरेफटक, फुगलेले, सुरकुत्यांनी भरलेले. दिवसभर पाण्यात राहिलेल्या हातासारखे. त्यानं अंगठ्यानं दाबलं. कातडी आतल्या मांसावरून सरकली, सैल मोज्यासारखी.

“तुझे दाखव,” तो नेझूला म्हणाला.

नेझूचे हात होते तसेच होते.

यंत्रावर बसल्यावर नेझूला ती सळसळ परत ऐकू आली. खाली, बोटीच्या अगदी तळाशी. तांडा आता कालच्या जागेपासून कितीतरी पुढे आला होता. त्यानं आधी भास म्हणून सोडून दिलं. मग बोटीनं वेग वाढवला, इतका की यंत्रातून इंजिनाशिवाय काही ऐकूच येऊ नये. सळसळ तेवढीच. वेग कमी केला, तेवढीच. ती मागे पडत नव्हती, पुढे जात नव्हती. बोटीबरोबर होती.

नळीतून कप्तानांनी विचारलं, “काही आहे का?”

नेझूनं टोप्या कानांवर आणखी दाबल्या.

“नेझू?” आवाज तोच मऊ, पण घसा खाकरल्यासारखा, ओला. “माझ्या खोलीत… तुम्ही कोणाला पाठवलं होतं का?”

“नाही साहेब.”

“मग ठीक आहे,” हिरोबे म्हणाले. बराच वेळ नळी बंद केली नाही. त्यांचा श्वास ऐकू येत राहिला.

भर दुपारी तांड्यातलं दुसरं जहाज गेलं. कोळशाचं छोटं जहाज, माणसं थोडी. बुडायला त्यानं वेळ घेतला, त्यामुळे बहुतेक जण पाण्यात उतरले आणि एकत्र राहिले. या वेळी नेझूनं प्रश्नाची वाट पाहिली नाही. नळीला तोंड लावून तो ओरडला, “साहेब, खाली काही नाही! स्वच्छ आहे! काही नाही!” खरं तर सळसळीपलीकडे त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. पाणबुडी असेल तर असो, त्याची त्याला पर्वा उरली नव्हती.

मग कप्तानांचा हुकूम आला, “दोर टाका.”

नेझू वर धावला. दोर टाकले, जाळीची शिडी सोडली. सगळ्यात पुढे एक पन्नाशीचा खलाशी पोहत होता. त्यानं दोर धरला, एक पाय शिडीवर ठेवला, मान वर करून डेककडे बघितलं. आणि थांबला.

“ये! ये वर!” उर्यू ओरडला.

त्या माणसानं मागे वळून सोबत्यांना काहीतरी सांगितलं. मग वर बघून, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, “असू द्या. तुमची बोट भरलीय.”

“कुठे भरलीय? डोळे फुटले का तुझे? ये वर!”

“पाय ठेवायला जागा नाही हो,” तो म्हणाला. “आम्ही दुसरीकडे बघतो.” आणि त्यानं दोर सोडला.

एकामागून एक तेच झालं. जवळ यायचे, वर बघायचे, चेहरा बदलायचा. एकानं तर कठड्याकडे बघून मान झुकवून माफी मागितली, जणू कोणाचा धक्का लागला होता. बोटीवर होते पंधरावीस खलाशी, डेक मोकळा पडला होता. ती माणसं मात्र वळून दूरच्या दुसऱ्या राखणीच्या बोटीकडे पोहत निघाली. त्यातली किती पोचली कोण जाणे.

एकच वर आला. तोमारी नावाचा इंजिनात कोळसा टाकणारा. तो आला, कारण त्याला दिसत नव्हतं. डोळे तेलानं चिकटून बंद झाले होते. त्याला डेकवर बसवलं. नेझूनं स्वतः फडकं रॉकेलमध्ये बुडवून त्याच्या पापण्या पुसल्या, मग साध्या पाण्यानं धुतल्या. तोमारीनं डोळे उघडले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. हळूच गुडघे पोटाशी घेतले, खांदे आवळले आणि दाटीच्या गाडीत माणूस बसतो तसा बसला.

“माफ करा,” तो उजवीकडे बघून पुटपुटला. “जरा सरकतो.”

“कोणाशी बोलतोयस?” नेझूनं विचारलं.

तोमारीनं त्याच्याकडे पाहिलं, मग खाली. “तुम्हाला… नाही दिसत?”

“सांग.”

“सैनिक आहेत. सगळे तेलानं माखलेले. एकमेकांच्या मांडीवर बसलेत. शिडीवर, तोफेवर. तुमच्या पुलावर तर…” त्यानं नाकावर हात धरला. “वास केवढा येतोय हो. तुम्ही लोक इथे जेवता कसे?”

नेझू उकिडवा बसला. विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलं. “त्यांच्यात कोणी… अर्धा कान असलेला?”

तोमारीनं मान वळवून स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं.

“पोरसवदा?” त्यानं विचारलं. “तो इथेच आहे. माझ्या खांद्यावर डोकं टेकलंय त्यानं. ओलं लागतंय मला.”

“काय म्हणतो?”

“काही नाही. तहान लागलीय त्याला. सगळ्यांनाच.”

नेझू उठला, पिण्याच्या पाण्याचा पेला भरून आणला आणि तोमारीच्या खांद्याशेजारी, मोकळ्या डेकवर ठेवला. “घे,” तो म्हणाला, “घे, साकुजी.” आपण काय बोलणार? उचललं तर आहे. असं उचललं आहे.

पेला हलला नाही, कलंडला नाही. थोड्या वेळानं त्यात पाहिलं तर पाणी तळाशी गेलं होतं आणि उरलेल्यावर काळा चिकट थर होता. थरात एक केस. ओकुनुकी तेवढ्यात तिथून गेला. त्याच्या गालांची कातडी आता हातांसारखीच सुटली होती. पेला उचलून त्यानं आत काय आहे हे न बघता घटाघटा पिऊन टाकला.

“लई तहान लागते आजकाल,” तो म्हणाला.

मनिलाच्या धक्क्याला बोट लागली तेव्हा सकाळचे व्यवहार सुरू झाले होते. गाड्या, हमाल, पोती. नौदलाच्या कचेरीतून एक तरुण अधिकारी पांढरे हातमोजे घालून आला. तेनकाई मारू बुडालं त्या जागी भरपूर तेल आणि फुटके तुकडे वर आले होते, असं मिनेउरा मारूनं बिनतारी संदेशानं कळवलं होतं. त्यावरून शत्रूची पाणबुडी बुडाली असं ठरलं. अधिकाऱ्यानं अभिनंदन केलं. साके या तांदळाच्या दारूचं एक पिंप भेट दिलं.

“तेल जहाजाचं होतं,” नेझू म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. “तुकडे माणसांचे होते.”

अधिकाऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. नेझूच्या डाव्या कानातून स्फोटानंतर रक्त येत होतं, ते कॉलरवर वाळलं होतं. “याला दवाखान्यात पाठवा,” तो म्हणाला. बरोबर एक आडदांड शिपाई दिला. हिरोबे पुलावर उभे होते, एका कोपऱ्यात, हात अंगाशी घट्ट दाबून, मान थोडी मागे. मधला एवढा मोठा पूल रिकामा होता. त्यांनी अधिकाऱ्याला वाकून नमस्कार केला तोही जागेवरच, कोणाला धक्का लागू नये इतका थोडा. खाली खलाशांनी साकेचं पिंप फोडलं होतं आणि फुगलेल्या पांढऱ्या हातांनी ते प्याले फिरवत होते.

नेझूला शिसारी आली. त्या हातांची, साकेची, पांढऱ्या मोज्यांची, आणि या सगळ्यात आपण इतके दिवस श्वास घेतला याची. उर्यूचा निरोप न घेता तो फळीवरून धक्क्यावर उतरला. पाठोपाठ तोमारी, “जाऊ द्या, जाऊ द्या” म्हणत, वाट काढत.

धक्क्यावर उतरून नेझूनं मागे पाहिलं. तोमारी खाली आला होता, फळीवर कोणी नव्हतं. तरी फळी वाकत होती. मधोमध दबायची, उसळायची, परत दबायची. लयीत, एकामागून एक माणसं जावीत तशी. जवळचे फिलिपिनो हमाल काही न दिसताच बाजूला झाले. एका म्हाताऱ्यानं कपाळाला, छातीला बोट लावून क्रूस काढला.

नेझूच्या डोळ्यांत पाणी आलं. उतरताहेत, त्याला वाटलं. उतर बाबा. उतर साकुजी, जमिनीवर आलास.

“हे उतरत नाहीत हो,” तोमारी शेजारून हलकेच म्हणाला.

नेझूनं बोटीकडे पाहिलं. शिधा निम्मा संपलेला, कोळसा जवळजवळ नाही, ती पाण्यात वर यायला हवी होती. पण पाण्याची रेघ रंगवलेल्या पट्ट्याच्या वर गेली होती. फळी वाकली की बोट केसभर आणखी खाली जात होती.

त्याच दुपारी मिनेउरा मारूला दुसरा तांडा घेऊन निघायचा हुकूम होता. ती निघाली. बंदराच्या तोंडापर्यंत लोकांनी तिला जाताना पाहिलं. पुढे ती कुठे पोचली नाही, कोणत्या जहाजानं तिची हाक ऐकली नाही, आणि कोणत्याही पाणबुडीनं ती बुडवल्याचं लढाई संपल्यावरही कोणी सांगितलं नाही. नेझू जगला. डावा कान गेला. गावी परतल्यावर त्यानं मासा तोंडात घातला नाही, आणि बायकोनं भावाबद्दल विचारलं की तो उठून अंगणात जायचा.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी धक्क्यावर शिपायानं त्याचा दंड धरला. “चला, उन्हात कशाला उभे? दवाखाना पलीकडेच आहे, ती पांढरी इमारत. परवा बुडालेल्या जहाजातली बायकापोरंही तिथेच आणली होती, एकही वाचलं नाही.”

धक्क्याचे दगड तापलेले, कोरडे ठणठणीत होते. त्यावर ओल्या, तेलकट पावलांची एक रांग फळीपर्यंत आली होती, आणि नेझू पाहत असतानाच तिच्यात नवी पावलं उमटत होती. ती समुद्राकडून आली नव्हती. रस्ता ओलांडून, शहराच्या बाजूनं, पांढऱ्या इमारतीच्या फाटकातून ती येत होती. बोटं सगळी बोटीकडे.

“चला ना,” शिपाई म्हणाला.

नेझू चालू लागला. रांगेवर पाय पडू नये म्हणून तो कडेकडेनं चालला होता, त्यामुळे त्याला नीट बघता आलं. त्या पावलांत सैनिकी बूट एकही नव्हता. सगळी अनवाणी होती, आणि बरीचशी अगदी लहान होती.